मुठीचं माप

कसबा पेठेतला दत्तोबा कट्यार करायचा ती धन्याच्या मुठीचं माप घेऊनच. दुसऱ्याच्या हाती ती बसायची नाही. त्याची पाती तीन-तीन पिढ्या टिकत. धनी तेवढे टिकत नसत, त्यामुळे जुन्या पात्याला नवी मूठ बसवायचं काम बारमाही असे.

दसऱ्याच्या चार दिवस आधी जगतापांच्या सगुणाबाई नवऱ्याची कट्यार घेऊन आल्या. दत्तोबाने त्यांचं मोकळं कपाळ पाहिलं आणि कट्यार हातात घेतली. त्यांनी लेकाच्या मुठीच्या मापाचा दोरा पुढे केला. तो दत्तोबाच्या तीन बोटांतच संपला.

“पोर लहान हाय, बाईसाहेब. मूठ वाढत्या अंगाची करू का?”

“नको. दसऱ्याला तो स्वारीवर निघतोय, आत्ताच्याच मापाची करा,” सगुणाबाई म्हणाल्या. “वाढला, तर पुन्हा येईन.”