म्हशीचा ओटीपी

"पाच मिनिटांचं काम आहे," अय्युब बायकोला म्हणाला. "जायचं, नंबर विचारायचा, यायचं. संध्याकाळच्या धारेला मी हजर."

त्यानं देवपुरातून मोटारसायकल काढली. पाच मिनिटांचं काम असं तो मागच्या तिन्ही वेळाही म्हणाला होता. सलीमानं धारेची बादली स्वतःकडे ओढून घेतली.

भानगड साधी होती. अय्युबनं दोन तासांवरच्या पिंपळनेरजवळच्या लोटन नानांकडून म्हैस घेतली. म्हैस तबेल्यात आली, पण तिच्या कानातला पिवळा बिल्ला नानांच्याच नावावर राहिला. नाव बदलल्याशिवाय विमा नाही. नाव बदलायचं, तर देवपुरातला जनावरांचा डॉक्टर मोबाइलवर बटण दाबणार, ओटीपी जुन्या मालकाच्या फोनवर जाणार, तो नानांनी सांगायचा. आणि नाना फोनवर सांगायला तयार नव्हते.

"ती फोनमधली बाई रोज सांगस, नंबर कोणले सांगू नको," ते म्हणायचे. "तू समोर ये. तोंड दखू, मंग सांगू."

समोर गेलं की वेगळंच. पहिल्या वेळी रेंज नव्हती. नाना फोन घेऊन घराच्या धाब्यावर चढले, आणि खाली उतरेपर्यंत नंबर बाद झाला. मग एकदा बॅटरी उतरली. मागच्या खेपेला नंबर आला, पण नानांनी एक आकडा चुकीचा सांगितला आणि डॉक्टर वैतागून जेवायला निघून गेले. दर वेळी चहा व्हायचा. चहावर शेवभाजी व्हायची. मग नाना, म्हैस अजून आपलीच असल्यासारखे, हळूच विचारायचे, "मनी म्हैस कशी शे? डाव्या कुशीवर बसस ना?"

आज अय्युब पोचला तेव्हा फोन ओट्यावर होता. बॅटरी भरलेली. रेंज भरलेली. नाना चुलीत फुंकर मारत बसले होते. अय्युबनं फोन उचलला आणि सहज मेसेज उघडले.

नानांच्या मुलाचा एकही नव्हता. रिचार्ज संपल्याचे होते. बाकी सगळे म्हशीचे. आपल्या जनावरास लस देण्यात आली. आपल्या जनावराची तपासणी झाली. म्हैस विकून उन्हाळा उलटला होता, तरी सगळ्या जगात नानांना खुशाली कळवणारी ती एकटीच उरली होती.

अय्युबनं फोन होता तसा ठेवून दिला.

"नाना, नंबर दिला तरी मी येत जाईन."

"पोऱ्या बी सुरतले जाताना असंच म्हने," नाना म्हणाले.

चहा निवला. अय्युब उठला, गाडीची किल्ली चाचपली. "राहू द्या नाना. बिनविम्याची म्हैस काय दूध देत नाही?"

नानांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाले, "लाव तुना डॉक्टरले फोन."

नंबर आला. नानांनी चष्मा न लावता सगळे आकडे बरोबर सांगितले. म्हैस अय्युबची झाली.

त्यानंतर अय्युब आला नाही. तबेला टाकून कोण येतं. नाना फोन रोज चार्ज करायचे आणि पंच्याच्या टोकानं पडदा पुसून ओट्यावर ठेवायचे. एकदा कर्ज हवंय का विचारायला एका मुलीचा फोन आला. नानांनी तिला गाव विचारलं, आईची तब्येत विचारली, जेवलीस का विचारलं. तिनंच फोन ठेवला.

मग एका सकाळी फोन वाजायला लागला, तो थांबेचना. लस दिली. जंताचं औषध दिलं. गाभण आहे. गाभण नाही. बिल्ला हरवला, नवा मारला. नानांना वाटलं, फोन बिघडला.

फोन ठीक होता. नाव बदलताना डॉक्टरांनी घाईत नव्या मालकाच्या नावापुढे जुन्याचाच मोबाइल नंबर टाकला होता, आणि अय्युबच्या तबेल्यातली सगळी जनावरं, एक रेडा धरून, लोटन नानांच्या फोनवर आली होती. चूक दुरुस्त करायची तर पुन्हा ओटीपी लागणार होता, आणि तो नानांकडेच येणार होता.