वीतभर वर

मुलगी गेल्यावर दोन वर्षांनी आई पुन्हा त्या शंभर वर्षं जुन्या प्राणिसंग्रहालयात आली. चिंपांझीच्या काचेपुढच्या रखवालदाराने तिला लगेच ओळखलं.

“ताई, आमची म्हातारी अजून दर रविवारी इथे हात टेकवते.”

म्हातारी चिंपांझी सावकाश काचेपाशी आली. मुलगी इकडून जिथे तिच्या पंजाला तळहात लावायची, ती जागा आईच्या कमरेइतक्या उंचीवर होती. म्हातारीने आज पंजा वीतभर वर टेकवला.

“इथे नव्हता गं तिचा हात,” आई पुटपुटली.

“थोडा थोडा वर सरकतोय,” रखवालदार खाली बघत म्हणाला. “या वयात पोरं भराभर वाढतात ना.”

आईचे डोळे वाहू लागले. तिने हात पंजासमोर नेला.

म्हातारीने तिच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या हाताने तिने आईला बाजूला व्हायची खूण केली.