खमिराची बरणी

बेकरीवाल्याने बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले दिवस मोजून प्रभूच्या पुनरागमनाची तारीख काढली होती: गुरुवार. पंधरा दिवस आधीच भट्टी विझवून तो प्रार्थनेला बसला. बायकोला बजावलं, “पाव फुगवायच्या खमिराला आता रोजचं पीठपाणी घालू नकोस. वर स्वर्गात कोण पाव खाणार?” गुरुवार आला तसा गेला. शुक्रवारी सकाळी गिऱ्हाइकं शटर वाजवू लागली. लोकांना तोंड कसं दाखवायचं, यापेक्षा वडिलांनी चाळीस वर्षं जपलेलं खमीर आपण उपाशी मारलं, हेच त्याला खात होतं. त्याने भीतभीत बरणीचं झाकण काढलं. खमीर काठापर्यंत फुगलेलं, वर बुडबुडे. त्याचा जीव भांड्यात पडला. “रोज घालत होते मी,” बायको म्हणाली. “म्हणजे तुझा विश्वास नव्हता?” “होता की. पण एवढ्या लांबून येणाऱ्या प्रभूला आल्या आल्या भूक लागली असती, तर मी काय तुमची आकडेमोड वाढणार होते?”