नाळेची माती

न्यूझीलंडमधल्या काइकोहे गावातल्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी इतकी वर्षं गळत राहिली, की शेजारच्या पारेहुइयाच्या परसातल्या रताळ्यांनाही पेट्रोलचा वास मारू लागला. शेवटी "माती साफ करून देतो," असं कंपनीने कबूल केलं.

लेकीचं बाळंतपण उरकून पारेहुइया घरी आली, ती माओरी रीतीप्रमाणे परसात पुरायला नातीची नाळ गाडग्यात घेऊनच. बघते तर परसभर कुठलीशी परकी, पिवळी माती.

"झालं काम, मॅडम!" कंपनीचा क्रेग खुशीत म्हणाला. "जुनी माती सगळी कचरा डेपोत नेऊन टाकली. नुसती घाण होती."

"घाण तुमची होती रे मेल्या! माती आमची होती. पणजीपासून या घरातल्या प्रत्येकाची नाळ तिच्यात पुरलेली. साफ करतो म्हणालास आणि आमचं अख्खं घराणं उपसून नेलंस?"

"पण जमीन अजून तुमचीच आहे की," क्रेग पुटपुटला.



दुसऱ्या दिवशी सकाळी पारेहुइया कचरा डेपोच्या फाटकावर फावडं आपटत होती, "उघड फाटक! नातीची नाळ पुरायचीय. आमची जमीन आत आहे."