मखराच्या पेट्या

"मान्य आहे," मालन सावंत म्हणाल्या. "बेअरिंग्ज मीच लपवली."

चौकशी ज्या कॉन्फरन्स रूममध्ये चालली होती, ती दोन वर्षांपूर्वीपर्यंत मालनताईंचं स्टोअर होती. मग नवे मॅनेजर म्हणून मिहिर सर आले. अंधेरीच्या या कारखान्यात घरघंट्या बनतात. सुटे भाग साठवून ठेवणं हा मागासलेपणा आहे, असा शोध मिहिर सरांनी आल्या आल्या लावला. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी माल बंदरातून थेट यायला हवा. जुना साठा भंगारात गेला, स्टोअरला एसी बसला आणि भिंतीवर इंग्रजीत पाटी लागली: साठा म्हणजे पाप. मालनताई बरोबर तिच्याखाली बसल्या होत्या.

यंदा तिकडे कुठल्याशा समुद्रात गोळीबार सुरू झाला. बेअरिंग्ज घेऊन निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालायला गेलं आणि वळशातच राहिलं. आजूबाजूचे कारखाने थंडावले. इथून मात्र रोज चाळीस घरघंट्या बाहेर पडत होत्या. मिहिर सरांनी कारण विचारलं नाही. चांगल्या आकड्यांना कुणी कारण विचारत नाही. उलट वांद्र्याच्या एका हॉटेलात त्यांनी 'जागतिक संकटावर मात' या विषयावर भाषण दिलं. तिथे शेवटच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण बेअरिंग्ज कुठून आणलीत?"

दुसऱ्या दिवशी कँटीनच्या माळ्यावरच्या चार पेट्या उघडल्या गेल्या. पेट्यांवर लाल रंगात लिहिलं होतं: 'गणपतीचं मखर. पाय लावू नये.' दोन वर्षांपूर्वी साठा मोजायला आलेल्या मंडळींनी वॉटरकूलरलासुद्धा बारकोड चिकटवला होता. या पेट्यांना नमस्कार करून ते पुढे गेले होते.

"पण का केलंत असं?" एचआरच्या उत्तराने विचारलं.

"आमच्या देवगडला मे महिन्यात सुकी मासळी भरून ठेवतात. पावसाळ्यात होड्या बंद. त्याला कोणी पाप म्हणत नाही."

"एकटीने केलंत?" मिहिर सर म्हणाले. "एकेक पेटी साठ किलोची आहे."

"एकटीने."

"मालनताई, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची रजा मीच मंजूर केली होती," उत्तरा हळूच म्हणाली.

"त्याच्या आधीच चढवल्या."

मिहिर सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "ज्यांनी मदत केली त्यांची नावं लिहा. नाहीतर आजच घरी. रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत तुमचे. विचार करा."

मालनताईंनी विचार केला. म्हणजे पर्समधून माळ्याची किल्ली काढली आणि त्या कोऱ्या कागदावर ठेवली.

"घरी जाते. पण जाताना तुमची ऑर्डर पूर्ण करून जाते, सर. साठा म्हणजे पाप ना? उरलेली बेअरिंग्ज भंगारात. टेम्पो बोलावलाय, गेटवर उभा आहे. गेटपासवर सही तेवढी द्या."

त्यांनी गेटपास पुढे केला. मिहिर सर तत्त्वाचे पक्के. त्यांनी पेन उघडलं.

"मिहिर, पेन ठेव खाली."

मालक श्यामकांत पहिल्यांदाच बोलले. इतका वेळ ते मोबाईलवर जहाज बघत होते. निळ्या नकाशावरचा ठिपका तीन दिवसांत नखभरही हलला नव्हता. दिवाळी पाच आठवड्यांवर आली होती, आणि भाजणी दळायला घरघंटी हवी असलेली गिऱ्हाईकं आफ्रिकेचा नकाशा बघून थांबणार नव्हती.

"एक सांगा, मालनताई," ते म्हणाले. "बेअरिंग्ज माळ्यावर होती, तर मग तेव्हा भंगारात काय गेलं? वजन माझ्यासमोर झालं होतं."

"मखर, साहेब. वजन भरायला खाली जात्याचे फुटके दगड घातले."

"पण सर, ती नावं..." मिहिर सर म्हणाले.

श्यामकांत काचेतून बाहेर बघत होते. दोन वर्षं कारखान्याचा गणपती उघड्या टेबलावर बसला होता. मिहिर सरांनी कंपनीच्या मासिकात त्या साधेपणाचं कौतुकही छापलं होतं. बाहेर साठ माणसं माना खाली घालून घरघंट्या जोडत होती. तीच माणसं, जी मखराला मोर लावायचा की कमळ यावरून दर वर्षी एकमेकांची गचांडी धरायची. दोन गणपती आले आणि गेले, पण त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं, मखर कुठे आहे?