भिंतीतल्या रेघा

आमची मागची भिंत राडारोड्याच्या विटांची आहे. पाडलेली घरं साताऱ्यात ज्या क्रशरवर भरडून विटा पाडतात, तिथंच हे कामाला आहेत.

गिलाव्यावर लेकराच्या उंचीच्या रेघा दिसल्या, की तो तुकडा बाजूला काढून नदीत सोडायचा, अशी तिथं रीत. एकदा यांच्या हातून घाईत तसला तुकडा भरडला गेला.

"लय रेघा नव्हत्या गं," हे म्हणाले. "चार-पाचच. पुढं त्या लेकराला मोजलंच न्हाई कुणी."

नेमक्या त्याच खेपेच्या विटा आम्हाला आल्या.

पाडव्याला भिंत रंगवली. आठवड्यात रंगातून पेन्सिलीच्या रेघा वर आल्या. पुन्हा रंगवली, पुन्हा आल्या. सगळ्यात वरची रेघ माझ्या शिवांजलीच्या डोक्याहून बोटभर उंच होती. तेव्हापासून तिला मी तिकडं फिरकू देत नव्हते.

आज तिची वेणी अर्धी घालून तव्यावरची भाकरी उलटायला आत आले, तेवढ्यात अंगण गप्प झालं.

धावत मागं गेले. ती भिंतीला टाचा लावून ताठ उभी होती, डोळे मिटून. केस वरच्या रेघेला टेकले होते.

"शिवा, ये बाळा इकडं."

तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"कशी येऊ, आई? हलू नको म्हणतीया ती भिंतीतली."