शंभर ग्रॅममागे

माणसाचं नशीब कपाळावर नव्हे, पाकिटाच्या पाठीवर छापलेलं असतं, असा एका निवृत्त मुद्रितशोधकांचा सिद्धांत होता. ते वाचायला लागणारा चष्मा मात्र बायकोच शोधून द्यायची. तिला मधुमेह, त्यामुळे चॉकलेटची बिस्किटं बारा वर्षं घरात बंद.

आज तिच्या वॉर्डाबाहेर डॉक्टर म्हणाले, "आता पथ्य नको. मागतील ते द्या."

मुद्रितशोधक खाली दुकानात गेले. त्याच बिस्किटांचं पाकीट घेतलं, सवयीनं मागचं वाचलं. शंभर ग्रॅममागे साखर अडतीस, चरबी चोवीस. तीनदा वाचलं, काहीच वाटलं नाही.

वर येऊन त्यांनी अख्खं पाकीट तिच्या हातात ठेवलं. तिनं आधी पाकिटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अस्सं," ती म्हणाली. "मग चहा तेवढा सांगा. हे कोरडं उतरत नाही हो."